दीड तासाच्या उन्हातलं कुंपण

मला आयुष्यात दोनदा प्रोबेशनवर ठेवलं गेलं. एकदा कंपनीनं आणि एकदा घरमालकिणीनं. कंपनीनं सहा महिन्यांत कायम केलं. घरमालकिणीला दोन वर्षं लागली. पहिल्या दिवशी मी यवतमाळहून दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी आधी कुकर हातात घेतला, झाकण काढलं, रबराची रिंग बोटानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "रिंग गेलेली आहे. आत या."

खडकी स्टेशनापासून पंधरा मिनिटं चाललं की ती कॉलनी लागायची. कारखान्यातल्या लोकांनी बांधलेले बैठे बंगले, पुढं अंगण, मागं एक जादा खोली. मी गेले तेव्हा असे दोनच बंगले उरले होते, बाकीच्यांच्या जागी इमारती झाल्या होत्या. मागची खोली माझी. मी त्यांना काकू म्हणायचे, त्यांच्या यजमानांना काका. त्या मला 'अहो' म्हणायच्या. तेवीस वर्षांच्या पोरीला उठता बसता 'अहो' म्हटलं की तिला कसं मेल्याहून मेल्यासारखं होतं, हे पुण्यात वाढलेल्यांना कळायचं नाही. आमच्याकडं एवढा मान फक्त भांडण पेटायच्या आधी देतात.

काकूंनी बत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. काय तपासायच्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. 'छोट्या वस्तू', एवढंच. पण ती छोटी वस्तू चुकली तर कुठंतरी कुणाचातरी हात जातो, हे त्या मेथी निवडतानासुद्धा विसरत नसत. जुडी सोडली की तिचे तीन ढीग व्हायचे: पास, नापास आणि शंका. शंकेचा ढीग पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. घरात भाजी एकच असायची, पण दीड वाजेपर्यंत तिचा निकाल लागत नसे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"म्हणजे तपासणीच. नापास झालेल्याचं काय करता?"

"लिहून ठेवतो. वेळ नसला तर पुढच्या रिलीजमध्ये दुरुस्त करतो."

"आणि तोपर्यंत?"

"तसंच जातं लोकांकडं."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्याकडं असं चालत नव्हतं. आमच्याकडच्या लोकांना हात दोनच असायचे," त्या म्हणाल्या आणि पेपर उघडून वाचत बसल्या.

काका देखणे गृहस्थ. सहा फूट उंच, पाठ ताठ, डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस. त्याच कारखान्यात भांडारात होते. हजारो वस्तूंचे नंबर तोंडपाठ असलेला हा माणूस आता स्वतःच्या मुलाचं नाव विसरला होता. मुलगा परदेशात. फोनवर तो "आई, विकून टाका ते घर" म्हणायचा आणि काकू "जेवलास का?" विचारून विषय मिटवायच्या. काकांना जगायला एकच गोष्ट लागायची, ती म्हणजे अंगण. सकाळी सात ते दहा ते भिंतीला धरून फेऱ्या मारायचे, प्रत्येक दगडावर हात टेकवत. फेऱ्या सुरू करायच्या आधी सदरा काढायचे, त्याची नीट घडी घालायचे आणि भिंतीवर ठेवायचे. अधूनमधून लेंगाही. घडी त्याचीही तितकीच नीट. काकू लेंगा घेऊन त्यांच्यापुढं जायच्या, "अहो, हा राहिला," म्हणायच्या आणि ते निमूट पाय घालायचे. अंगणात सोडलं नाही तर मात्र ते दारावर तळहात आपटायला लागायचे आणि थांबायचेच नाहीत.

हे सगळं त्यांच्या घरातलं होतं, दक्षिणेला अकरा मजले उभे राहीपर्यंत. बिल्डरनं शेजारच्या प्लॉटवर भराव टाकून जमीन तीन फूट उचलली. त्यामुळं काकूंची पाच फुटी दगडी भिंत पलीकडून जेमतेम मांडीपर्यंत आली. वर त्या भिंतीला लागूनच त्यांनी रहिवाशांसाठी फिरायचा ट्रॅक केला. झालं. पलीकडून बूट घालून झपाझप चालणारी माणसं, अलीकडून सदरा नसलेले काका, वेळ दोघांची एकच. ऊनही गेलं. काकूंनी अंगणात खडूनं रेघा मारून तासातासाला सावली मोजली. भिंतीलगतच्या चार फुटी पट्ट्यात दिवसाकाठी दीड तास ऊन येत होतं, तेही तिरपं.

इमारतीत माणसं राहायला आली आणि महिन्याभरात त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. पन्नाशीचे, सभ्य, ट्रॅक पँट घातलेले.

"मॅडम, गैरसमज नको. पण लेडीज असतात, लहान मुलं असतात. आपण भिंतीवर पत्रे लावून घ्या ना. सोसायटीची परवानगी आहे."

"माझ्या भिंतीवर, सोसायटीची?"

"म्हणजे आमची हरकत नाही, असं." मग त्यांनी खिशातून फोन काढला. कुणीतरी काकांचा व्हिडिओ घेऊन सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. तो त्यांनी पुरावा म्हणून आणला होता. माझं डोकंच फिरलं. तो फोन हिसकावून पाण्याच्या टाकीत टाकावा असं मला वाटलं आणि आजही वाटतं. काकूंनी चष्मा लावला, व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला आणि फोन परत दिला.

"चांगला आलाय. पाठ अजून ताठ आहे त्यांची. मला पाठवून ठेवा."

सेक्रेटरींनी फोन खिशात घातला.

"पत्रे मी लावणार नाही," काकू म्हणाल्या. "पत्रा दिसला की रस्त्यानं जाणारासुद्धा विचारतो, आत काय झाकलंय. झाडाला तसं कुणी विचारत नाही. मी झाडं लावते."

"पण वरच्या मजल्यांवरून दिसणारच, मॅडम."

"वरून देवही बघतो. त्याला मी काय करणार? माझा प्रश्न समोरासमोर बघणाऱ्यांचा आहे."

इथून त्यांची झाडांची तपासणी सुरू झाली. अशा अंधाऱ्या पट्ट्यात, घराच्या पायाला आणि ड्रेनेजला धक्का न लावता, आठ फूट उंच आणि खालपासून वरपर्यंत दाट वाढणारं झाड हवं होतं. कॉलनीतल्या प्रत्येकाला त्यातलं सगळं कळत होतं. कुणी म्हणालं मेंदी लावा, कुणी म्हणालं बांबू, कुणी म्हणालं उंच अशोक. दुसरी कुठलीही बाई नर्सरीत गेली असती, पन्नास रोपं टेम्पोत घालून आली असती. काकूंनी प्रत्येक जातीचं एकेकच रोप आणलं. तेवढा नमुना पट्ट्यात लावला, त्याच्या गळ्यात तारेनं पत्र्याची चकती अडकवली, चकतीवर खिळ्यानं नंबर कोरला आणि वहीत नोंद सुरू केली. दर रविवारी पट्टी लावून उंची मोजायच्या, पानांच्या पलीकडं हात धरायला मला लावायच्या आणि अलीकडून बोटं दिसतात का ते बघायच्या. बोटं दिसली की रोप नापास.

मेंदी पहिल्या हिवाळ्यातच उघडी पडली, नुसत्या काटक्या राहिल्या. डुरांटाची पिवळी पानं सावलीत हिरवी झाली, मग विरळ झाली, मग गळाली. बांबू जोरात वर गेला आणि खाली मोकळा राहिला. "मला डोकं झाकायचं नाही, माणूस झाकायचाय," असं म्हणून त्यांनी तो उपटला आणि त्याची मुळं ड्रेनेजच्या पाइपाकडं किती सरकली होती ते मला दाखवलं. रबराचं झाड तर त्यांनी फाटकाच्या आतही येऊ दिलं नाही, कारण ते वडाच्या कुळातलं आणि भिंत फोडल्याशिवाय राहणारं नव्हतं. अरेका पाम सावलीत मजेत होता, पण त्याला पांढरी कीड लागली. कामिनीवर त्यांचा फार जीव होता. सावलीत हिरवीगार, वास गोड, पानं दाट. पण दीड वर्षात ती माझ्या गुडघ्याच्या वर आली नाही.

आमच्याकडं दूध घालायला एक दादा यायचे. त्यांचं गाव आता महापालिकेत गेलं होतं, पण म्हशी होत्या. ते पहिल्याच महिन्यात बोलले होते, "आवो काकू, अडुळसा लावा की. आमच्या बांधाला हाय. शेरडू त्वांड लावत न्हाई, ऊन असू द्या न्हाईतर सावली, त्याला काय बी फरक पडत न्हाई." काकूंनी त्यांच्याकडून एक काडी आणून लावली. ती वाढली, भराभर वाढली. पण बुडाशी पानं कमी होती, एका बाजूनं फांद्या वाकत होत्या. वहीत अडुळशापुढं 'शंका' असा शेरा पडला आणि तो तसाच राहिला.

अशी दोन वर्षं गेली. चकत्या एकोणीस झाल्या, कुंपण झालं नाही. पलीकडचे लोक चालता चालता मान वळवायचे, काही हसायचे, काही पोरांचे डोळे झाकायचे. मग दुसऱ्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला सेक्रेटरींनी हात जोडून विनंती केली. ट्रॅकवर मुलांचं झेंडावंदन आहे, पाहुणे येणार आहेत, फक्त एक सकाळ काकांना आत ठेवा. काकू हो म्हणाल्या.

त्या सकाळी त्यांनी अंगणाच्या दाराला आतून कडी घातली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पलीकडं स्पीकरवर गाणी चालू होती. काका आधी दाराशी आले, मग कडी चाचपली, मग तळहात आपटायला लागले. मी त्यांना टीव्हीकडं ओढलं, लाडू दिला, भांडारातल्या जुन्या वह्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. तासाभरानं गाणी थांबली आणि काकूंनी कडी काढली, तेव्हा दारावर रक्ताचे डाग होते. काकांचा उजवा तळहात फुटला होता. मी पट्टी बांधत होते आणि काकू तिकडं पट्ट्यात जाऊन, रविवार होता म्हणून, रोपांची उंची मोजत होत्या.

माझा तोल गेला. मी एरवी त्यांच्याशी फार जपून, पुस्तकातलं बोलायचे. त्या दिवशी घरचंच तोंडात आलं.

"तुम्ही पास करसान तवरिक काका रायतीन का? एकोणीस झाडं नापास केली तुम्ही. कोनतं झाड पूर्न असते? त्या मानसाचा हात फुटला अन् तुमची पट्टी काही सुटत नाही."

काकूंनी उकिडव्या बसल्या बसल्या वही मिटली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील, आणि खरं सांगते, सांगितलं असतं तरी मी शब्द मागं घेतला नसता.

"कारखान्यात एक कागद असायचा," त्या म्हणाल्या. "दोष माहीत असून माल स्वीकारायचा असला तर त्यावर सही करायची. सवलत म्हणायचो आम्ही. बत्तीस वर्षांत मी एकदाही सही केली नाही." मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. फावडं घे. दादांना फोन लाव, म्हणावं चाळीस काड्या आणा."

त्या मला 'तू' म्हणाल्या हे माझ्या रात्री जेवताना लक्षात आलं.

अडुळसा लागला आणि वाढला. खाली विरळ होता म्हणून काकूंनी बुडाशी हळदीचे कंद लावले. पुढचा पावसाळा सरता सरता तो आठ फुटांवर गेला आणि एका सकाळी पलीकडची माणसं नुसती ऐकू यायला लागली, दिसेनाशी झाली. काकांचं दार आता कायम उघडं असायचं. ते दगडांऐवजी पानांवर हात टेकवत फेऱ्या मारायचे, सदरा कधी असायचा, कधी नसायचा, आणि काकू पायरीवर बसून मेथी निवडायच्या. मी इतके सुखाचे महिने पुण्यात दुसरे काढले नाहीत.

नोव्हेंबरात दोघांना बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचं होतं. मी सुट्टी घेतली, रिक्षा केली. काकांचा अंगठा यंत्रावर उमटेना, चार वेळा पुसून ठेवावा लागला, शेवटी बँकेतल्या मुलीनं हसून "झाले आजोबा जिवंत," म्हटलं. दुपारी घरी आलो तर अंगणात उजेड जास्त वाटला. अडुळसा भिंतीच्या रेषेत सपाट छाटलेला होता. सोसायटीच्या माळ्यानं पलीकडून हात घालून चाळीसही झाडं छाटली होती आणि शेंडे आमच्याच अंगणात टाकले होते.

मी सेक्रेटरींना फोन लावला. "डासांच्या तक्रारी होत्या हो. फवारणीवाले म्हणाले, दाट झाडी नको. आणि त्यामुळं आमच्या कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं," ते म्हणाले. मी पोलिसांत जाऊ म्हणाले, नोटीस देऊ म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले, ते इथं लिहिता येणार नाही. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग शेंडे गोळा केले. त्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी एवढा अडुळशाचा काढा प्यायला की खोकल्यानं आमच्याकडं यायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची अंगणात आणली. भिंतीपासून चार फुटांवर ठेवली, तोंड ट्रॅककडं. स्वतः इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. काकांना खुर्चीत बसवलं, सदरा स्वतः काढला, गळ्याभोवती टॉवेल टाकला आणि सगळ्या ट्रॅकसमोर त्यांची दाढी करायला लागल्या. गरम पाण्याचं पातेलं, ब्रश, आरसा, सगळं मांडून. दाढी झाली की पाठ पुसायची, मग हात, मग पाय. मधेच मान वर करून चालणाऱ्यांना म्हणायच्या, "नमस्कार. आज उशीर झाला तुम्हाला."

लोक चालायचे थांबले. एकानं नकळत फोन वर केला.

"व्हिडिओ घ्यायचा असेल तर जरा डावीकडं या," काकू शांतपणे म्हणाल्या. "तिकडून उजेड चांगला पडतो."

त्यानं फोन खिशात घातला आणि इतक्या वेगानं गेला की त्याचा त्या दिवशीचा व्यायाम तेवढ्यात झाला असावा.

हे रोज चालू राहिलं. मी एकदा म्हटलं, "काकू, अडुळसा पुन्हा येईल की वर. फुटवे जोरात आहेत."

"येतील. पण मी येऊ देणार नाही." त्यांनी कात्री दाखवली. वाढलेले शेंडे त्या आता स्वतः छाटून भिंतीच्या उंचीखाली ठेवत होत्या. "बत्तीस वर्षांत माझा एक लॉट चुकला नव्हता. हा चुकला. मी झाडं तपासत बसले. या माणसात झाकण्यासारखा दोष काय आहे, हे आधी तपासायला हवं होतं. काही नाहीये गं. म्हातारा आहे, विसरलाय, एवढंच." त्यांचे डोळे भरले होते आणि मी बघतेय म्हणून त्यांनी ते पुसलेही नाहीत. मलाही रडू आलं. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो, पलीकडं लोक चालत होते.

महिन्याभरात त्या बाजूच्या माना वळायच्या बंद झाल्या. मग ट्रॅकवर खाली बघून चालणं सुरू झालं. मग सोसायटीनं स्वतःच्या बाजूनं, भिंतीलगत, वाफा केला आणि त्यात डुरांटा लावला. काकूंनी तो अलीकडून बघितला आणि वहीत तारीख टाकली. डुरांटा उन्हाळ्याआधी गेला. त्यांनी मेंदी लावली, ती काटक्या झाली. मग मोठाल्या कुंड्यांतून बांबू आणला, तो वर गेला आणि त्याच्या उघड्या बुडातून काकांची दाढी पूर्वीसारखीच दिसत राहिली.

जूनमध्ये सेक्रेटरी आले. या वेळी फोन खिशातच होता. काका खुर्चीत बसले होते, अर्ध्या गालाला फेस.

"मॅडम, आमच्या बाजूला काहीच जगत नाही हो. सावलीच इतकी आहे. तुमचा तो अडुळसा मात्र..."

"लागेल तो तुमच्याकडं," काकू म्हणाल्या. वस्तरा पाण्यात बुडवून त्यांनी मला खूण केली. मी आतून चाळीस काड्यांची जुडी आणली. त्या त्यांनी आदल्या आठवड्यातच कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. "दोन डोळे मातीत, दोन बाहेर. हातभर अंतर. बुडाशी विरळ राहतो, तिथं हळद लावा. मुळांचा त्रास नाही, तुमच्या पाइपाला काही होणार नाही."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "थँक यू, मॅडम. आणि आपणही आपल्या बाजूनं तो पुन्हा वाढवलात, तर दोन्हीकडून कसं छान दाट..."

"माझ्या बाजूला झाकायचं काही नाही." काकूंनी काकांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि उरलेल्या गालावर वस्तरा ठेवला. "लाज तुम्हाला वाटते ना? मग पाणी तुम्ही घाला."

सेक्रेटरींनी जुडी दोन्ही हातांनी धरली आणि पाणी रोज घालायचं की दिवसाआड, एवढंच विचारलं.